राण्या त्याच, माणूस वेगळा

*दादा, नमस्कार.*

*पाच वर्षं हौसेनं पोकरच्या स्पर्धा खेळतोय. सुरुवातीचे तास मला जमतात. बसून राहायचं, बरे पत्ते आले की खेळायचं, नाहीतर टाकायचे. पण स्पर्धा संपत आली आणि हातात मोठी जोडी आली की हात कापायला लागतात. दोन प्रसंग सांगतो.*

*पहिला. बक्षिसं सुरू व्हायला एकच जण बाद व्हायचा राहिला होता. माझ्याकडे २५ बिग ब्लाइंड (डावाआधी एकानं सक्तीनं लावायची मोठी रक्कम; चिप्स तिच्यातच मोजतात). मधल्या जागेवरच्या एकानं २ बिग ब्लाइंडचं रेज केलं, म्हणजे बोली वाढवली. त्याच्या चिप्स माझ्याहून जास्त होत्या. मी बटणावर, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागेवर, हातात राण्यांची जोडी. मी ६ केले. तो ऑल-इन गेला. सगळ्या चिप्स मध्ये. मी क्षणभरही न थांबता कॉल केला, म्हणजे माझ्याही सगळ्या लावल्या. त्याच्याकडे राजांची जोडी. मी बाद, आणि माझ्या कृपेनं बाकी सगळे बक्षिसात.*

*दुसरा, महिन्याभरानंतरचा. फायनल टेबल, सहा जण उरलेले. माझे १८ बिग ब्लाइंड, क्रमांक तिसरा. खालच्या दोघांकडे पाच-पाचच. सगळ्यांनी पत्ते टाकले आणि स्मॉल ब्लाइंडवरचा (सक्तीची छोटी रक्कम लावणारा) चिप लीडर, सगळ्यात जास्त चिप्सवाला, थेट ऑल-इन गेला. बिग ब्लाइंडवर मी, हातात पुन्हा राण्या. मागचं आठवलं, बराच वेळ बसून राहिलो आणि पत्ते टाकले. त्यानं हसत हसत नव्वी-छक्की उलटून दाखवली. अर्ध्या तासात मी पाचवा बाहेर.*

*एकदा कॉल केला, चुकलो. एकदा टाकले, चुकलो. राण्यांचं करायचं काय, एकदाचा नियम सांगा. आणि गुलामांचंही सांगून ठेवा, कारण पुढच्या वेळी तेच येणार असं माझं नशीब आहे.*

*– राण्यांनी छळलेला*

छळलेले राव,

मी राण्यांच्या बाजूनं बोलणार आहे. दोन्ही वेळा त्या त्याच होत्या. बदलला होता समोरचा माणूस, त्याची जागा आणि त्याच्या मनातला तुमच्याविषयीचा अंदाज. गंमत अशी की हे सगळं तुम्ही पत्रात लिहिलंय. कोण कुठं बसला होता, कोणाकडे किती होतं, सगळं. टेबलावर मात्र त्यातलं काही मोजलं नाहीत. पहिल्यांदा हातातले पत्ते बघून कॉल केलात आणि दुसऱ्यांदा महिन्यापूर्वीचे पत्ते आठवून टाकलेत.

दुसरा प्रसंग आधी घेतो. तो सोपा आहे आणि त्यात तुमची चूक मोठी आहे.

तुमच्या १८ पैकी १ ब्लाइंड म्हणून आधीच मध्ये पडला होता. कॉलसाठी आणखी १७ घालायचे होते. समोर पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, त्याचे तुमच्यापुरते १८, तुमचा १ आणि अँटेचा (दर डावाआधी सक्तीनं घालायच्या चिप्सचा) १, असे २०. म्हणजे १७ घालून ३७ चा पॉट. निव्वळ चिप्सच्या हिशोबानं शंभरात ४६ वेळा जिंकलात की बरोबरी. आता त्या चिप लीडरच्या खुर्चीत बसून बघा. पुढे उरलेला माणूस एकच, तुम्ही. तुम्ही तिसरे, तुमच्या खाली दोघं शेवटच्या घटका मोजतायत. त्यांच्या आधी बाद व्हायला तुम्ही तयार नाही, हे त्याला स्वतःचे पत्ते न बघताही ठाऊक आहे. असा माणूस त्या जागेवरून निम्म्याहून जास्त पत्त्यांवर ऑल-इन जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध राण्यांची जोडी शंभरात ८० वेळा जिंकते. तो फक्त वरच्या निम्म्या पत्त्यांवरच आला असं धरलं, तरी ७५ च्या आसपास. तुमची बाद होण्याची भीती खरी आहे, म्हणून तिला भरपूर किंमत देऊ. तुमचे १७ हे ३४ इतके महाग समजू. तरीसुद्धा ६३ वेळा जिंकणं पुरे होतं. ७५ आणि ६३. इथं विचार करायला बराच वेळ लागायचं कारण नव्हतं.

त्यानं नव्वी-छक्की दाखवली म्हणून हे म्हणत नाही. त्यानं एक्के दाखवले असते तरी हेच म्हटलं असतं. दाखवले ते तुम्हाला डिवचण्यासाठी, पण तुम्हाला फुकटात मोठी माहिती मिळाली होती: हा माणूस तुमच्या ब्लाइंडवर काहीही घेऊन चढतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासात तिचा एकदा तरी वापर केलात का? पत्रात तसं दिसत नाही.

आता त्या 'भीतीच्या किंमती'बद्दल, कारण पहिला प्रसंग तिच्यावरच अडतो.

रोकड खेळात एक चिप म्हणजे एक चिप. स्पर्धेत तसं नसतं. एक सोपी मांडणी करू. चार जण उरले आहेत, बक्षिसं तिघांना, एकूण १०० पैकी ५०, ३० आणि २०. चौघांच्या चिप्स सारख्या. म्हणजे प्रत्येकाचा वाटा २५. आता तुम्ही एकाशी सगळं लावून जिंकलात. तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या, टेबलावरच्या निम्म्या तुमच्या. वाटा ५० झाला का? नाही. तुम्ही पहिले याल त्याची शक्यता निम्मी, दुसरे याल त्याची एक तृतीयांश, तिसरे याल त्याची एक षष्ठांश. गुणाकार करून बेरीज करा: ३८.३३. चिप्स दुप्पट, पैशाचा वाटा मात्र दीडपटीच्या जरा वर. आणि हरलात तर २५ चे थेट शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल परवडायला तुम्हाला शंभरात ६५ वेळा जिंकायला हवं. तुम्ही जिंकलात काय किंवा हरलात काय, जो बाहेर बसून बघत होता त्याचा वाटा पत्ता न लावता वाढतो. तुमच्या पहिल्या प्रसंगात 'बाकी सगळे बक्षिसात' लिहिलंत ना, ते हेच.

या हिशोबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. त्याचं मूळ पत्त्यांत नाही, घोड्यांत आहे. १९७३ मध्ये डेव्हिड हार्व्हिल यांनी शर्यतीत कुठला घोडा दुसरा-तिसरा येईल याची शक्यता काढायचं सूत्र मांडलं होतं, आणि १९८७ मध्ये मेसन मालमथ यांनी स्पर्धेतल्या चिप्सचं मोल काढण्याचा हिशोब मांडला. सूत्राला दोन डोळे कमी आहेत. पुढचा ब्लाइंड कोणावर येतोय हे त्याला दिसत नाही, आणि टेबलावर कोण चांगला खेळतो हेही. म्हणून मी त्याला देव मानत नाही. पण बबलवर (बक्षिसं सुरू व्हायच्या अगदी आधी) आणि फायनल टेबलवर 'माझी चिप जाताना महाग, येताना स्वस्त' एवढं ते ठणकावून सांगतं, आणि ते खरं आहे.

आता पहिला प्रसंग. तुम्ही ६ केले, तो ऑल-इन गेला. तुमच्याकडे १९ उरले. पॉटमध्ये त्याचे २५, तुमचे ६, दोन्ही ब्लाइंड मिळून दीड आणि अँटेचा १, म्हणजे साडेतेहतीस. चिप्सच्या हिशोबानं तुम्हाला शंभरात ३६ वेळा जिंकायचं होतं. बबलवर गमावलेली चिप दीडपट महाग धरली, तर ४६ वेळा.

आणि राण्या किती वेळा जिंकतात? ते तो माणूस ठरवतो. समजा तो कडक आहे. बबलवर री-रेजच्या (रेजवर केलेल्या रेजच्या) वर ऑल-इन जाताना त्याच्याकडे एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा एवढंच असतं. तुमच्या हातात दोन राण्या आहेत, म्हणजे एक्क्यांची जोडी ६ प्रकारे येऊ शकते, राजांची ६ प्रकारे, राण्यांची एकाच प्रकारे आणि एक्का-राजा १६ प्रकारे. एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीपुढे तुम्ही शंभरात १८-१९ वेळा जिंकता, एक्का-राजापुढे ५६-५७ वेळा. सगळं मिळून ४० च्या आसपास. हा आकडा ३६ च्या वर आहे आणि ४६ च्या खाली. चिप्स म्हणतात कॉल करा, पैसा म्हणतो टाका. तुमच्या हाताला कंप सुटला तो बरोबर याच फटीत. (पत्रात तुम्ही 'क्षणभरही न थांबता' लिहिलंय, पण तो कंपाचाच दुसरा प्रकार असतो.)

समजा तो तेवढा कडक नाही. दश्शीपासून वरच्या सगळ्या जोड्या आणि एक्का-राणीसुद्धा त्याच्या यादीत आहे. मग राण्या ५५ पर्यंत जातात आणि कॉल बिनघोर. म्हणजे त्याच पत्त्यांवर, त्याच चिप्सवर, त्याच बबलवर उत्तर उलटं. म्हणून राण्यांचा नियम मी देऊ शकत नाही. त्या माणसानं आधीच्या दोन तासांत किती वेळा री-रेज केलं, त्याला शेवटी काय दाखवावं लागलं, हे तुम्ही बघितलं होतं का? बक्षीस तोंडाशी आल्यावर बहुतेक हौशी खेळाडू आकसतात. मोठ्या स्टॅकचे, म्हणजे चिप्सचा मोठा ढीग असलेले, थोडेसेच उलटे वागतात. माहिती नसेल, तर मी मधल्या जागेवरून येणाऱ्या ऑल-इनला कडकच धरतो.

पण खरी चूक कॉलच्या आधीची. तुम्ही ६ केले तेव्हा 'हा ऑल-इन आला तर काय' हे ठरवलं होतंत का? २५ बिग ब्लाइंडवर री-रेज करायचा आणि मग विचारात पडायचं, हे फार महाग पडतं. कारण टाकलंत तरी जवळजवळ पाव स्टॅक गेला. तुमच्यापुढे तीन वाटा होत्या. समोरचा उद्धट असेल तर ६ करायचे आणि आला ऑल-इन की घ्यायचा, मग राजे निघोत नाहीतर एक्के. समोरचा कडक असेल तर बटणावरून नुसता कॉल करायचा. जागा तुमची चांगली, तो आधी बोलणार, तुम्ही नंतर. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, एक्का किंवा राजा शंभरात ४१ वेळा पडेल आणि तेव्हा थोडक्यात सुटता येईल. बाकी वेळा तुम्ही पुढे असता आणि त्याला ते कळत नाही. तिसरी वाट, त्याच्या २ वर थेट २५ ऑल-इन. मला ती इथं आवडत नाही. ज्यांना तुम्ही हरवता ते बहुतेक पळतात आणि जे तुम्हाला हरवतात ते थांबतात. पण तुमच्याकडे २५ ऐवजी १३-१४ असते, तर तीच माझी पहिली पसंती झाली असती.

इथून पुढचं थोडं राण्यांपलीकडचं.

स्पर्धेच्या शेवटी मजबूत हाताकडे बघताना मी आधी विचारतो: या डावात मला बाद कोण करू शकतो? ज्याच्या चिप्स माझ्याहून कमी आहेत तो मला दुखवू शकतो, घरी पाठवू शकत नाही. त्याच्याशी मजबूत हातावर मोकळेपणानं भिडायचं. फायनल टेबलवर पाच ब्लाइंडवाला ऑल-इन गेला आणि तुमच्याकडे नव्व्यांची जोडी असली, तरी घासाघीस नको. पण ज्याच्याकडे माझ्याहून जास्त आहे त्याच्याशी तीच नव्व्यांची जोडी वेगळी चीज होते. तिथं दोन मोठे स्टॅक एकमेकांशी टाळून वागतात, आणि त्यातच त्यांचं भलं असतं.

दुसरा प्रश्न: आधी कोण ढकलतोय, मी की तो? एक्का-राजा घ्या. तुम्ही १५ ब्लाइंड घेऊन पहिले ऑल-इन गेलात तर दोन प्रकारे जिंकता: सगळे पळाले तर, आणि कोणी थांबला तर पत्त्यांवर. शिवाय तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे कोणाकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ चे ३ होतात, राजांचेही तसेच. हाच एक्का-राजा घेऊन दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल केलात, तर राण्यांपुढे शंभरात ४३ वेळा जिंकता. अगदी दुर्रीच्या जोडीपुढेही ५० गाठत नाही. वरच्या चौघांच्या मांडणीत ६५ लागत होते, आठवतंय ना? तिथं एक्का-राजा घेऊन ऑल-इन जाणं उत्तम आणि कॉल करणं घातक असू शकतं. पत्ते तेच, क्रम उलटा. नवख्या माणसाला हे पटायला वर्षं लागतात, कारण एक्का-राजा दिसायला फार देखणा असतो.

सापळे लावण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण राण्यांनी दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्यांदा एक्के आले की हमखास सापळ्याकडे वळतो, म्हणून सांगून ठेवतो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. शेवटच्या टप्प्यात आली की वाटतं, एवढी दुर्मीळ वस्तू, सगळे पळून गेले तर वाया जाईल. मी स्वतः एकदा ९ ब्लाइंडवर, सगळ्यात आधी बोलायची जागा असताना, एक्के घेऊन नुसतं ब्लाइंडएवढं घातलं. तिघं जण आले. एका माणसापुढे एक्के शंभरात ८५ वेळा जिंकतात, तिघांपुढे ६४ वेळा. बिग ब्लाइंडवाल्याकडे सत्ती-पंजी होती. त्याला फुकटात फ्लॉप दाखवला मीच, आणि त्याच्या दोन जोड्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे त्या टेबलावर मी आधी ९ ब्लाइंडवर दर वेळी ऑल-इनच जात होतो. एकदाच नुसता आत आलो, तेव्हा बघणाऱ्याला मी काय घेऊन बसलोय हे सांगायची गरज नव्हती.

म्हणून माझा सल्ला कंटाळवाणा आहे. त्या स्टॅकवर बाकी चांगले हात जसे खेळता, तसेच एक्के खेळा. बाकीच्या वेळी ऑल-इन जात असाल तर एक्क्यांवरही ऑल-इन. २ ब्लाइंडनं उघडत असाल तर एक्क्यांवरही २. लपवायला मोठ्या हाताला छोट्या हातांचीच गर्दी लागते. सापळा मी एकाच माणसासाठी राखून ठेवतो: मागे बसलेला, दर दुसऱ्या डावाला चढणारा, आणि ज्याच्यानंतर गर्दी व्हायला फारसं कोणी उरलेलं नाही. तुमचा तो नव्वी-छक्कीवाला या व्याख्येत चपखल बसतो.

फ्लॉपनंतरचं फार लांबवत नाही. १८ ब्लाइंडवर तुम्ही २ नं उघडलं, बिग ब्लाइंडनं कॉल केला, पॉट झाला साडेपाच आणि तुमच्याकडे उरले १६. फ्लॉप खालचा पडला, तुमची जोडी वर. इथं लोक घाबरून पॉटएवढं लावतात किंवा थेट ऑल-इन जातात आणि चांगला हात दोन चिप्सना विकतात. पॉटच्या एक तृतीयांश लावा, म्हणजे दोनच्या आत. त्यानं कॉल केला तर पॉट नऊच्या थोडा वर. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, निम्मं लावा, साडेचार. पॉट अठरा, तुमच्याकडे दहाच्या आत. रिव्हरला, पाचव्या आणि शेवटच्या पत्त्यावर, उरलेलं सगळं म्हणजे पॉटच्या निम्म्याच्या जरा वर. तीन छोट्या घोटांत पूर्ण स्टॅक आत जातो, आणि दर वेळी समोरच्याला 'एवढंच तर आहे' वाटत राहतं. घाई फक्त तेव्हा, जेव्हा फ्लॉप ओला आहे, म्हणजे रंग आणि सरळ रांग दोन्ही बनू शकतात. तेव्हा जरा जड हातानं लावा.

एक टोकाचा प्रसंग सांगतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. सॅटेलाइट स्पर्धा, दहा जणांना मोठ्या स्पर्धेची सारखीच तिकिटं, अकरा उरलेत. तुम्ही चौथे, दोघांकडे एकेक ब्लाइंड शिल्लक. चिप लीडर ऑल-इन गेला, तुमच्या हातात एक्के. टाका. ८५ टक्के जिंकाल हे कबूल, पण त्या दोघांपैकी एक जण जाईपर्यंत नुसतं बसून राहिलात तर तिकीट जवळपास नक्की आहे. जास्त चिप्स जिंकून दुसरं तिकीट मिळणार नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर मला हे पाप वाटलं होतं. तुमच्या फायनल टेबलवर मात्र वरची बक्षिसं मोठी होती, म्हणून तिथं हे लागू नाही. आणि शेवटचे दोघं उरले की ही सगळी भानगड संपते. दुसऱ्याचं बक्षीस दोघांच्याही खिशात आलेलं असतं, उरलेल्या फरकासाठी एक चिप पुन्हा एक चिप होते. तिथं राण्या टाकायचा विचारही मनात आणू नका.

राजांवर बाद झालात त्याचा सल अजून आहे, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. म्हणून एक डाव आठवा. २०१० चा वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट, १५ जण उरलेले. मॅट अ‍ॅफ्लेककडे एक्क्यांची जोडी, जोनाथन दुहामेलकडे गुलामांची. फ्लॉपवर दश्शी, नव्वी, सत्ती. टर्नला राणी. अ‍ॅफ्लेक ऑल-इन, दुहामेलचा कॉल. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी १० च दुहामेलच्या कामाचे होते: चार अठ्ठ्या, चार राजे, दोन गुलाम. म्हणजे अ‍ॅफ्लेक ७७ टक्के पुढे. रिव्हरला अठ्ठी आली. अ‍ॅफ्लेक पंधरावा, आणि ती स्पर्धा पुढे दुहामेलनं जिंकली. अ‍ॅफ्लेकनं पुढच्या वेळी एक्के टाकायला हवेत असं कोणी शहाणा म्हणेल का? तुम्ही मात्र महिन्याभरानं अगदी तेच केलंत.

हात कापण्याचं म्हणाल, तर त्यावर पत्त्यातला उपाय अर्धाच आहे. त्या टेबलावरच्या पुढच्या बक्षिसाचा आकडा तुमच्या महिन्याच्या हिशोबात फार मोठा असेल, तर हात कापणारच, आणि कापत्या हातानं ४६ आणि ६३ मोजता येत नाहीत. प्रवेश फी गेली तरी रात्री झोप येईल अशाच स्पर्धा काही महिने खेळा. फायनल टेबलवर पोचलात की प्रत्येक डावाआधी, पत्ते उचलायच्याही आधी, टेबलावर नजर फिरवा: कोणाकडे माझ्याहून जास्त, कोण मरायला टेकलाय, माझ्यानंतर कोण बोलणार. पत्ते त्यानंतर बघा. मला स्वतःला ही सवय लागल्यावर हात थांबले. माझे थांबले म्हणून तुमचे थांबतीलच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही.

राहिले गुलाम. गुलामांच्या जोडीवर फ्लॉपला राणी, राजा किंवा एक्का शंभरात ५७ वेळा पडतो, म्हणून १५ ब्लाइंडच्या आत असाल आणि तुमच्याआधी कोणी आत आलेलं नसेल, तर सरळ ऑल-इन जा, किंवा २ नं उघडून मागून येणारा ऑल-इन घ्यायचं आधीच ठरवून ठेवा. २५ च्या आसपास असाल आणि बबलवर मधल्या जागेवरून तुमच्याहून मोठ्या स्टॅकनं उघडलं असेल, तर बटणावरून नुसता कॉल, आणि तो पहिल्या प्रसंगातलाच माणूस असेल तर नक्कीच. चिप लीडर स्मॉल ब्लाइंडवरून ऑल-इन गेला आणि तुम्ही बिग ब्लाइंडवर गुलाम घेऊन बसला असाल, तर कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध ते शंभरात ७७ वेळा जिंकतात. कॉल करा, आणि या वेळी त्याला आधी दाखवू द्या.